स्लॅब टाकताय? पाणी कुठं मोजायचं आणि कुठं हात सैल सोडायचा

आमच्या बांधकामाच्या लाईनमध्ये "काल स्लॅब पडला", म्हणजे टाकून झाला, म्हटलं की लोक पेढे मागतात, बाहेरच्याला वाटतं काहीतरी भयंकर झालं. तर परवा चुलतभावाचा फोन, दादा रविवारी स्लॅब पडतोय, हजार स्क्वेअर फूट आहे, सगळं उक्तं दिलंय, तू फक्त जेवायला ये. म्हटलं जेवायला तर येतोच पण शनिवारीच येतो. मग फोनवरच त्याला तासभर जे सांगितलं ते इथं लिहून ठेवतोय, कारण दर महिन्याला कुणीतरी हेच विचारतं आणि दरवेळी माझा घसा बसतो.

हे गावात नाहीतर तालुक्याच्या ठिकाणी तळमजला अधिक एक असं घर बांधणाऱ्या माणसासाठी आहे. इंजिनिअरकडून आरसीसीचं (सळई घातलेल्या काँक्रीटचं) ड्रॉइंग घेतलेलं आहे असं मी धरून चाललोय. नसेल घेतलं तर इथंच थांबा आणि आधी ते घ्या. पन्नास लाखाचं घर बांधताना ड्रॉइंगचे पैसे वाचवणारे मी बघितलेत आणि मग बीमला तडा गेल्यावर "साहेब जरा बघून जा ना" म्हणणारेही तेच असतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. काँक्रीट दाबाला वाघ आहे आणि ताणाला शेळी. एम २० ग्रेड म्हणजे काय, तर सहा इंची ठोकळा २८ दिवसांनी मशीनमध्ये दाबला की त्याने साधारण ४५ टनांचा दाब सोसला पाहिजे. तोच ठोकळा दोन्हीकडून ओढला तर त्याच्या दहाव्या हिश्श्यालाच राम म्हणतो. म्हणून ताण जिथं येतो तिथं सळई घालायची. दोन भिंतींवर टाकलेली फळी मधोमध उभं राहिलं की खाली वाकते, तेव्हा तिचा खालचा भाग ताणला जातो, म्हणून खोलीच्या स्लॅबला मधे सळई खाली. गॅलरी मात्र भिंतीतून बाहेर आलेल्या हातासारखी असते, तिच्यावर वजन टाकलं की ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून गॅलरीची मुख्य सळई वर. हे इतकं साधं आहे पण महाराष्ट्रात जेवढ्या गॅलऱ्या खाली झुकल्यात त्यातल्या कितीतरी केवळ एवढ्याचमुळे, की स्लॅबच्या दिवशी घमेली वाहणारे त्या वरच्या सळईवरनं दिवसभर चालले आणि ती दबून खाली जाऊन बसली. वरून काँक्रीट पडलं, झाकलं गेलं, कुणाला काय दिसणार.

बरं आणि वजनाचा अंदाज असू द्या. आरसीसी एका घनमीटरला अडीच टन. हजार फुटाचा पाच इंची स्लॅब म्हणजे ११.८ घनमीटर, म्हणजे तीस टनाच्या आसपास, आणि यात बीम धरलेले नाहीत. एवढा ओला माल पहिली रात्र फक्त सेंट्रिंगच्या, म्हणजे खाली लावलेल्या प्लेटा आणि टेकूंच्या, भरवशावर उभा असतो. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे काय झालं ते सगळ्यांना माहितीय, दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जाड माळवद, ते वजनच लोकांच्या अंगावर आलं. त्यानंतर गावोगावी लोक स्लॅबकडे वळले ते बरोबरच, पण स्लॅब काय हलका नसतो, तो टिकतो तो कॉलम, बीम आणि सळईच्या बांधणीवर. वाईट टाकलेला स्लॅब म्हणजे महागातलं माळवद समजा.

आता मालाचा हिशेब. १ : १.५ : ३ म्हणजे एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी, यालाच एम २० चं साधं प्रमाण धरतात आणि आरसीसीला यापेक्षा खालचं चालत नाही, काँक्रीटचं भारतीय मानक, म्हणजे कोड आयएस ४५६, तसंच सांगतो. घनमीटरला साधारण आठ पोती. म्हणजे आपल्या हजार फुटाला ९५ पोती सिमेंट, पावणेदोन ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू, साडेतीन ब्रास खडी, बीमचं वेगळं. ठेकेदार म्हणाला ७० पोत्यात बसवतो तर कौतुक करू नका, उरलेली पोती कुठनं वाचली ते विचारा. समुद्राच्या वाऱ्यावर घर असेल, म्हणजे मालवण, गुहागर, अलिबागचा किनारा किंवा गोव्याकडे, तर एम २० विसरा, तिथं कोड एम ३० मागतो आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. मग ते पोतं-घमेल्याचं काम राहत नाही, मिक्स डिझाइन (लॅबमधून ठरवलेलं प्रमाण) करून घ्या नाहीतर चांगल्या प्लँटवरनं आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीट, मागवा.

सिमेंटच्या पोत्यावर कितव्या आठवड्यात, कितव्या महिन्यात, कुठल्या वर्षी भरलंय ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं पोतं स्लॅबला नको, ते कंपाउंडला वापरा. पोत्यात हात घाला, गार लागलं पाहिजे, गाठी असतील आणि त्या चिमटीत फुटत नसतील तर परत पाठवा. पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं सिमेंट) का ओपीसी (साधं सिमेंट) यावर पारावर लई चर्चा चालते. घराला पीपीसी उत्तम आहे, फक्त ते सुरुवातीला जरा सावकाश ताकद धरतं, म्हणून सेंट्रिंग काढायची घाई नको आणि पाणी जास्त दिवस मारायचं, एवढंच.

खडी आपल्याकडे काळ्या दगडाची मिळते, बेसॉल्ट, त्याबाबतीत आपण नशीबवान आहोत. स्लॅबला २० मिमीच्या आतली, सगळी एकाच आकाराची नको, थोडी बारीक पण हवी म्हणजे मधल्या फटी भरतात. चपट्या चिपा जास्त असतील तर नको म्हणा. आणि खडीवर धूळ चिकटलेली असेल तर आदल्या दिवशी पाईपने धुवून घ्या, धुळीला सिमेंट चिकटतं आणि धूळ खडीला सोडते.

वाळूचं सांगायला नको, नदीची वाळू आता सोन्यासारखी झालीय, बहुतेक ठिकाणी क्रश सँडच (दगड फोडून केलेली वाळू) येते आणि ती चांगली असली तर काही वाईट नाही. पण क्रश सँडच्या नावाखाली क्रशरची भुकटी देतात त्याकडे लक्ष ठेवा. काचेच्या ग्लासात अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, हलवायचं आणि तीन तास ठेवून द्यायचं. वर गाळाचा जो थर बसतो तो वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांच्या वर असेल तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरायची नाही. कोकणात अजून एक, खाडीची वाळू. स्वस्त पडते, दिसायलाही छान, पण तिच्यातलं मीठ सळईला आतनं खातं, आणि दहा-बारा वर्षांनी स्लॅबचे पापुद्रे पंख्यावर पडायला लागतात तेव्हा वाळू देणारा कुठं सापडणार.

सळई मोजून घेऊ नका, वजन करून घ्या. फॉर्म्युला सोपा, मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. ८ मिमीची १२ मीटरची सळई पावणेपाच किलोच्या आसपास, १० मिमीची ७.४, १२ मिमीची साडेदहाच्या थोडी वर. यापेक्षा फार कमी भरली तर माल लोकल आहे. हलका तांबूस गंज चालतो, कपच्या निघणारा गंज नाही.

आता शनिवार संध्याकाळ, म्हणजे स्लॅबच्या आदला दिवस. माझ्या मते खरं काम त्या दोन तासात असतं, रविवारी तुम्हाला कुणी विचारत नाही. हातात टेप, टॉर्च आणि ड्रॉइंग घेऊन आधी सेंट्रिंगच्या खाली जा. वर नाही, खाली. प्रॉप (लोखंडी टेकू) नाहीतर बल्ल्या (लाकडी टेकू) सरळ ओळंब्यात आहेत का, बुडाखाली फळी आहे का भुसभुशीत मातीतच टेकवल्यात, कारण रात्री पाणी सांडून माती बसली की स्लॅबला पोट येतं आणि ते आयुष्यभर दिसतं. बल्लीखाली विटांचे तुकडे रचलेले दिसले तर काढायला लावा. बल्ल्या एकमेकींना आडव्या-तिरक्या बांधलेल्या पाहिजेत. प्रत्येक बल्लीला हाताने धक्का द्या, जी हलते ती उद्या वजन घेणार नाही, तिच्या वाटचं शेजारणीवर जाणार. मग टॉर्च वर मारा, प्लेटांच्या फटीतनं उजेड दिसतोय तिथनं उद्या सिमेंटचं पाणी गळणार आणि तिथंच नुसती खडी उघडी राहणार, ज्याला आपण हनीकोंब म्हणतो. टेप लावा, कागद कोंबा, काहीही करा पण फट बुजवा.

मग वर जा. सळईचं अंतर टेपने मोजा, ड्रॉइंगवर सहा इंच असेल तर सहाच, "साहेब सातने काय फरक पडतो" याला उत्तर एकच, पडतो. बीमच्या रिंगांची, म्हणजे मुख्य सळयांभोवती घातलेल्या कड्यांची, टोकं बघा, ती नुसती काटकोनात वळवलेली नकोत, १३५ अंशात आत बीमच्या पोटात वळलेली हवीत. भूकंपात काटकोनातला आकडा उघडतो आणि रिंग गेली की बीम-कॉलमच्या सळया बाहेर फुगतात. आमच्याकडे सातारा-पाटण बाजूला ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या आठवणी सांगणारी माणसं अजून घरात आहेत, तिथं तरी याला कुणी फालतू हट्ट म्हणू नये. कॉलमजवळ रिंगा जवळजवळ येतात, मधे लांब, हे उलटं झालेलं पण मी बघितलंय. सळयांचे जोड सगळे एकाच रेषेत नकोत, आणि जोडाची लांबी सळईच्या जाडीच्या पन्नासपट, १२ मिमीला ६० सेंटीमीटर म्हणजे दोन फूट.

कव्हर ब्लॉक. यावर मी जास्त वेळ घेणार कारण इथं माझं स्वतःचं पाप आहे. कव्हर म्हणजे सळईच्या खाली-बाजूला काँक्रीटचा जो थर राहतो तो. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं आणि त्यात बुडालेली सळई गंजत नाही, ते तिचं चिलखत आहे. थर पातळ राहिला की हवा आणि ओल आत पोचते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि मग काँक्रीट आतनं फुटतं. स्लॅबला २० मिमी, बीमला निदान २५ (कोड आतल्या कोरड्या जागेला २० म्हणतो पण घ्या जरा जास्त), कॉलमला ४०, फुटिंगला (पायाला) ५०. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या गावच्या घराचा स्लॅब पडला, मे महिना, मी "इंजिनिअर" म्हणून मिरवत होतो. कव्हर ब्लॉक आणायचे राहिले, मिस्त्री म्हणाला खडीचे खडे लावतो की, सगळे तेच करतात. मी मान डोलावली. खडे पायाखाली सरकले, सळई प्लेटला टेकली. आज स्वयंपाकघराच्या छताला सळईच्या रेषा तपकिरी रंगात वहीवर आखल्यासारख्या दिसतात आणि आई गॅसवर ताट झाकून ठेवते. खडे नकोत, फरशीचे तुकडे नकोत. सिमेंटचे नाहीतर प्लॅस्टिकचे ब्लॉक बाजारात मिळतात, स्लॅबच्या खर्चात ते चहापाण्याइतकेही नाहीत, तीन-तीन फुटांवर एक लावा आणि वायरने बांधा. गॅलरीच्या वरच्या सळईखाली मात्र ब्लॉक नाही, सळईचेच वाकवलेले स्टूल लागतात, त्यांना चेअर म्हणतात. त्या दणकट आणि भरपूर हव्यात. वरची सळई गॅलरी जेवढी बाहेर त्याच्या निदान दीडपट आत गेलेली असते, चार फूट गॅलरी तर सहा फूट आत, ड्रॉइंगवर असतंच, मोजून बघा.

इलेक्ट्रिशियनला शनिवारीच बोलवा. त्याचे पाईप खालच्या सळईच्या वरनं जायला हवेत, खालनं नाही, आणि पाच-सहा पाईप एकत्र जुडीने एकाच जागी आणू नका, तिथं काँक्रीटच उरत नाही. प्लंबरचे होल कुठं आहेत ते पण आत्ताच ठरवा आणि पाईपचे तुकडे उभे करून ठेवा. नंतर ड्रिलने बीम फोडणारा प्लंबर हा घराचा सगळ्यात मोठा शत्रू आहे (आमचे एक दूरचे काका प्लंबर आहेत, त्यांनी हे वाचू नये).

रविवार. सकाळी लवकर सुरू करा, उन्हाळ्यात तर सहालाच. नारळ फोडा, फोटो काढा, मग मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसा. वर स्लॅबवर मिरवायला पाहुणे खूप असतात, मालकाची जागा मिक्सरजवळ. कारण या अख्ख्या प्रकरणातला खरा गुन्हा तिथं होतो आणि तो गुन्हा म्हणजे पाणी.

सिमेंट वाळत नाही, सिमेंटची पाण्याबरोबर रासायनिक क्रिया होते आणि त्याने ते घट्ट होतं. त्या क्रियेला सिमेंटच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी पाणी पुरतं. त्याच्या वरचं सगळं पाणी फक्त माल हलवायला सोपा जावा म्हणून असतं, ते पुढं उडून जातं आणि मागे बारीक बारीक भोकं ठेवतं. तीच भोकं म्हणजे कमी ताकद, तीच गळती, तीच गंजाची वाट. पन्नास किलोच्या एका पोत्याला २७ लिटर पाणी, ३० ही शेवटची हद्द, आणि त्यात वाळूचं ओलं पण धरायचं. पाऊस झाला असेल तर एका पोत्याची वाळू स्वतःच तीन-चार लिटर पाणी घेऊन येते. वर ओली वाळू फुगते, त्यामुळे घमेल्याने मोजली तर प्रत्यक्षात कमी पडते. म्हणून घमेलं नको, सव्वा घनफुटाचा लाकडी नाहीतर पत्र्याचा फरमा करून घ्या, एक पोतं म्हणजे तेवढाच एक फरमा. पोत्याला दीड फरमा वाळू, तीन फरमे खडी. आणि पाण्याला पाईप नाही. पाईप मिक्सरवर दिसला की समजा खेळ संपला. बादलीवर खूण करून तेवढंच.

मिक्सरचा ड्रायव्हर म्हणेल माल कोरा आहे, वर पसरत नाही. वरून मिस्त्री ओरडेल "पातळ कर रे!" त्यांचं पण बरोबर आहे, ते उक्त्यावर आलेत, पातळ माल पळतो, फावड्याला हलका, दुपारी तीनला मोकळे होऊन संध्याकाळी दुसरी साईट. त्यांचा दिवस वाचतो आणि तुमची तीस वर्षं जातात. भाकरीचं पीठ मळताना पाणी जास्त झालं तर घरातली बाई वरून पीठ तरी घालते, इथं जास्तीचं पोतं कोण घालतं? खरंच पसरत नसेल तर प्लास्टिसायझर नावाचं लिक्विड मिळतं, डब्यावर लिहिलेल्या मापात घाला, पाणी न वाढवता माल सैल होतो. आधीच आणून ठेवा आणि इंजिनिअरला विचारून.

प्रत्येक घाणा, म्हणजे मिक्सरची एक खेप, मिक्सरमध्ये निदान दोन मिनिटं फिरला पाहिजे. मोबाईलवर टायमर लावून बसा, लोक हसतील, हसू दे. पातळ किती हे बघायला स्लंप कोन असतो, एक फूट उंच उलट्या बादलीसारखा, तीन थरात भरायचा, प्रत्येक थराला २५ वेळा सळईने कोचायचं, मग कोन सरळ वर उचलायचा, माल किती खाली बसला ते मोजायचं. हाताने टाकायच्या स्लॅबला ७५ मिमीच्या आसपास बसला तर उत्तम. शेणाच्या पोवासारखा पसरला तर तो घाणा परत पाठवायची हिंमत ठेवा. एकदा परत पाठवला की दिवसभर कुणी पाणी वाढवत नाही, हा अनुभव आहे.

आरएमसी मागवली असेल तर हिशेब बदलतो पण पाणी तेच. गाडीच्या चलनावर ग्रेड आणि प्लँटमध्ये पाणी घातल्याची वेळ असते, तिथून दोन तासांच्या आत गाडी रिकामी व्हायला हवी. ट्रॅफिकमध्ये अडकली, माल घट्ट झाला, आणि ड्रायव्हर टाकीतलं पाणी ड्रममध्ये सोडायला लागला तर थांबवा. जरूर पडली तर कंपनीचा माणूस अॅडमिक्श्चर (माल सैल करायचं रसायन) घालेल, पाणी नाही.

वर टाकताना दीड मीटरपेक्षा उंचावरनं माल सोडायचा नाही, खडी वेगळी आणि रस वेगळा होतो. आधी बीम भरा मग स्लॅब. व्हायब्रेटरची (माल थरथरवून बसवायच्या यंत्राची) सुई उभी घालायची, दहा-पंधरा सेकंद, बुडबुडे थांबले की सावकाश वर काढायची, दीड फुटावर परत. सुईने माल ढकलत नेणारे असतात, तसं करू देऊ नका, आणि सळईला सुई टेकवून ठेवणारेही असतात. कॉलमच्या डोक्यावर, जिथं चारी बाजूंच्या बीमच्या सळया येऊन गर्दी झालेली असते तिथं बारीक सुई लागते, २५ मिमीची, ती आणायला सांगा नाहीतर नेमकं तिथंच पोकळ राहतं. एक सुई जादाची आणि शक्य असेल तर एक इंजिन जादाचं साईटवर पाहिजेच पाहिजे, व्हायब्रेटर हा प्राणी फक्त स्लॅबच्या दिवशीच बंद पडतो. घमेलीवाल्यांसाठी सळईवर फळ्या टाका, आणि गॅलरीकडे एक माणूस फक्त यासाठी उभा करा की वरची सळई दबली तर लगेच उचलायची.

मिक्सर बिघडला किंवा पाऊस आला आणि थांबावंच लागलं तर कुठंही थांबू नका. बीमच्या अगदी जवळ नको, स्पॅनच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, मधल्या एक-तृतीयांश भागात उभी फळी लावून सरळ काठ करून थांबायचं, उतरता ढीग करून नाही. दुसऱ्या दिवशी तो काठ टाचून खडबडीत करायचा, धुवायचा, सिमेंटचं दाट पाणी मारायचं आणि मग पुढचा माल. ताडपत्री सकाळीच आणून ठेवा, ढग आल्यावर ताडपत्री शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर.

शेवटी फिनिशिंगला पाणी वर आलेलं दिसलं की मिस्त्री कोरं सिमेंट भुरभुरतात, छान गुळगुळीत दिसतं, आणि महिन्यात त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा येतात. करू देऊ नका. उन्हाळ्यात वारा असेल तर स्लॅब टाकल्यावर दोन-तीन तासांतच भेगा पडू शकतात, घाबरू नका, माल अजून कच्चा असतो, लाकडी रंध्याने तिथं परत दाबून घोटायचं आणि वरून प्लॅस्टिक अंथरायचं.

ठोकळे भरायला विसरू नका. १५० मिमीचे सहा साचे, दिवसभरात वेगवेगळ्या घाण्यातनं. तीन सात दिवसांनी फोडायचे, तीन २८ दिवसांनी. जवळच्या इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निक कॉलेजच्या लॅबमध्ये बरेचदा करून मिळतं. सात दिवसांना एम २० चा ठोकळा साधारण १३ पर्यंत (चौरस मिलिमीटरला २० न्यूटनपैकी १३) आला तर गाडी रुळावर आहे. खरं सांगायचं तर ठोकळ्याचा सगळ्यात मोठा उपयोग हा, की साचे बघितल्यावर ठेकेदाराला कळतं मालक टेस्ट करणार आहे.

मग जेवण. स्लॅबचं जेवण हात आखडून करू नका, त्या पोरांनी दिवसभर तीस टन वर नेलंय.

आणि सोमवारपासून सगळं उलटं. काल थेंब थेंब मोजला, आजपासून हात सैल सोडायचा. सकाळी स्लॅबवर मातीची नाहीतर कच्च्या सिमेंट-वाळूची आळी करा, दोन इंच पाणी भरून ठेवा. हजार फुटाला पहिल्या भराला साडेचार-पावणेपाच हजार लिटर पाणी लागतं, त्यामुळे टँकरचं आधीच ठरवून ठेवा, मे महिन्यात आयत्या वेळी मिळत नाही. ओपीसी असेल तर कोड कमीत कमी सात दिवस म्हणतो, कडक उन्हात दहा, पीपीसीला दहा आणि चांगलं म्हणजे चौदा. मी सगळ्यांना चौदाच सांगतो, सांगितले चौदा की होतात दहा. मधे एक दिवस सुकू दिलं आणि मग परत भरलं याला अर्थ नाही, सुकलं की क्रिया थांबते आणि पहिल्या आठवड्यात गेलेली ताकद नंतर पूर्ण परत येत नाही. बीमच्या बाजू आणि कॉलम यांच्यावर पाणी साठत नाही म्हणून लोक त्यांना सकाळ-संध्याकाळ एकेक फवारा मारून मोकळे होतात. घराचं वजन तर कॉलमवर आहे! त्यांना गोणपाट गुंडाळा आणि ते ओलं ठेवा. घरातल्या एका माणसाला हे काम नावानिशी द्या. आमच्याकडे आजोबा करायचे, पहाटे उठून आधी स्लॅबला पाणी मग देवाला.

सेंट्रिंग काढायची घाई सेंट्रिंगवाल्याला असते, त्याचं सामान अडकलेलं असतं, तो चौथ्या दिवशी दारात उभा. कॉलमच्या आणि बीमच्या बाजूच्या प्लेटा १६ ते २४ तासांनी निघतात. स्लॅबच्या खालच्या बल्ल्या मात्र स्पॅन साडेचार मीटरपर्यंत असेल तर सात दिवस, त्याच्यावर चौदा. बीमच्या खालच्या सहा मीटरपर्यंत चौदा, वर एकवीस. हे आकडे ओपीसीचे, पीपीसीला चार-पाच दिवस वाढवा. गॅलरीच्या बल्ल्या सगळ्यात शेवटी, आणि काढताना टोकाकडून भिंतीकडे. खोलीच्या स्लॅबच्या मधून कडेकडे.

प्लेटा निघाल्यावर खाली जाऊन छत बघा, त्याच दिवशी, प्लास्टरच्या आधी. कुठं खडी उघडी दिसते, सळई दिसते, तर फोटो काढून इंजिनिअरला पाठवा. मिस्त्री लगेच सिमेंट थापून झाकायला धावतो, त्याला थांबवा. सैल भाग फोडून, धुवून, योग्य मसाल्याने भरायचा असतो आणि बीम-कॉलममध्ये असेल तर आधी इंजिनिअरने स्वतः येऊन बघायचं.

आणि नवीन स्लॅबवर लगेच वरच्या मजल्याच्या विटा आणि वाळू चढवू नका, घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो राहणीचा भार धरून डिझाइन करतात आणि एक ब्रास वाळू साडेचार टनाच्या आसपास असते, ती एका कोपऱ्यात ओतली तर हिशेब तुम्हीच करा.

चुलतभावाने शुक्रवारी रात्री फोन केला होता, कव्हर ब्लॉक मिळाले म्हणून. गॅलरीच्या चेअर कमी होत्या, त्या दहा नव्या वाकवून घेतल्या. मिक्सरजवळची खुर्ची मात्र त्याने माझ्यासाठी ठेवलीय म्हणे.